तळणाची पाळी

वॉन्जू, २४ ऑक्टोबर २०२३

जिन ओक-सुन यांस,

काल दुपारी को उन-ब्योल नावाची एक मुलगी माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “ओक-सुन काकूंना फुप्फुसाचा कर्करोग झालाय. तो शाळेच्या स्वयंपाकघरातल्या तळणामुळे झाला हे सिद्ध करायचंय. त्यासाठी तुमच्या वह्या हव्यात.” म्हणून हे पत्र. एरवी लिहिलं नसतं.

मी दाराची साखळी काढली नाही. ती फटीतूनच बोलली. कामगारांचे भरपाईचे दावे लढवते म्हणे. वय तिशीच्या आत असेल. पायात खेळाचे बूट.

“कुठल्या वह्या?” मी विचारलं.

“रोजच्या. कोण कुठल्या कामाला होतं, काय शिजलं, किती वाजता. तुम्ही लिहायचात त्या.”

“त्या तीन वर्षं ठेवायच्या असतात. मग फाडायच्या.”

“फाडल्यात?”

“नियम तसा आहे.”

“मी नियम नाही विचारला, सोल बाई.”

आगाऊ आहे. पण मूर्ख नाही. जाताना म्हणाली, “तिथल्या एकीनं सांगितलं, आम्ही मेलो तरी त्याची वेळ त्या वहीत सापडेल.” हे वाक्य तुमचं आहे. कांदे चिरताना तुम्ही ते म्हणायचात आणि बाकीच्या पाचजणी हसायच्या. मी ऐकत नाही असं तुम्हाला वाटायचं. म्हणजे तिला माझ्याकडे तुम्हीच पाठवलंत.

आजाराचं ऐकून वाईट वाटलं. हे मनापासून लिहिते आहे, तरी तुमचा विश्वास बसणार नाही याची मला कल्पना आहे.

आता मुद्द्याचं. ती म्हणाली, दाव्याची सुनावणी भरपाई मंडळापुढे सात डिसेंबरला आहे आणि शाळेनं एक कागद पुढे केलाय. २००९ सालचं माफीपत्र. ‘मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सिगारेट ओढली’ असं त्यात लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. “काकू म्हणतात सही माझीच आहे. त्यापुढे एक शब्द बोलत नाहीत. तो कागद टिकला तर दावा बुडाला. ओढणारीला कर्करोग झाला तर तेलाला कोण विचारतंय?” एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली.

का बघत राहिली? त्या कागदाबद्दल तुम्ही तिला काय सांगितलंत, हे मला कळायला हवं.

शिवाय तुमचा खोका आला. दर नोव्हेंबरात सोकचोहून वाळवलेल्या पोलॅक माशांचा खोका येतो आणि दर नोव्हेंबरात मी तो पोस्टमनच्या हाती परत देते. सहा वर्षं असंच चाललंय. यंदा तो ऑक्टोबरातच आला, त्या मुलीच्या आधी चार दिवस. हा योगायोग आहे असं मी मानावं? पोस्टमननं दाराबाहेर ठेवला आणि निघून गेला, म्हणून परत देता आला नाही. बाल्कनीत ठेवलाय. उघडलेला नाही.

हे पत्र तुम्ही तिला दाखवाल हे धरूनच लिहिलं आहे.

सोल म्योंग-जा
निवृत्त पोषण-शिक्षिका


२ नोव्हेंबर

ओक-सुन यांस,

आधीचं पत्र टाकलं नाही. पेटीपर्यंत गेले आणि परत आले. नोंदणी करून पाठवलं तर पावती राहते, साधं पाठवलं तर कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. हे लिहून होईपर्यंत ठरवेन.

उपमुख्याध्यापक बान यांनी काल जेवायला बोलावलं. तुम्ही गेल्यावर आलेला माणूस, तुम्हाला माहीत नाही. आवाज मऊ, नखं कापलेली. फेब्रुवारीत माझ्या निरोपाच्या दिवशी हा माणूस निम्म्यातून उठून गेला होता. आता मला थंडगार बकव्हीटच्या शेवया खायला घालतो, स्वतःच्या हातानं मोहरी वाढतो. तेव्हाच ओळखलं, काहीतरी हवंय.

“बाई, घरी जुने कागद असतील तर आणून द्या. उगाच तुम्हाला त्रास नको. लोकांची नावं असतात त्यात, कायदे फार कडक झालेत.”

“माझ्याकडे काय कागद असणार?”

“नसतीलच. नसले तर उत्तमच.” मग शेवया ओढत म्हणाला, “आणि धूर ओढणारा पंखा तर चालूच असायचा, नाही का?”

“दर वर्षी तपासणी व्हायची. कढईवरच्या हूडला टिश्यू कागद लावायचा, चिकटून राहिला की पास. दर वर्षी राहायचा.”

“वा. हेच लिहून द्या.”

त्यानं टाइप केलेला एक कागद काढला. माझंच निवेदन, माझ्याआधी तयार! त्यात तीन वाक्यं होती. पंखा नेहमी चालू असे. तळणाची पाळी सगळ्यांत सारखी वाटलेली असे. आणि जिन ओक-सुन यांना धूम्रपानाची सवय असल्याचं मला ठाऊक होतं.

“सवय?” मी म्हणाले. “कागद तर एकाच सिगारेटचा आहे.”

“एक सापडली म्हणजे शंभर ओढल्या असणार. तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हाला जास्त कळतं. आपल्या पिढीच्या बायका चोरूनच ओढतात.”

मी शेवयांतलं अंडं बाजूला केलं. त्यानं माफीपत्राची प्रत पुढे सरकवली. “ही बघा. त्यांच्याच हातची.”

मी बघितली. सही तुमची होती. वरचं अक्षरही ओळखलं.

निवेदनावर सही केली नाही. चष्मा आणला नाही म्हणून सांगितलं. चष्मा डोळ्यांवर होता. त्याच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. आलं असेल तर तो बोलण्यातला नाही.

एक विचारते. तुम्ही गप्प का? स्वतःच्या बाजूनं लढणाऱ्या मुलीलाही सांगत नाही, म्हणजे कशाची तरी वाट बघताय. मी त्या निवेदनावर सही करावी आणि मग तुम्ही सगळ्यांसमोर मला खोटं पाडावं, असा बेत असेल तर सांगून ठेवते, मला तो दिसतोय.

सोल म्योंग-जा


११ नोव्हेंबर

ओक-सुन यांस,

हेही टाकणार नाही बहुतेक. तरी लिहिते. इतकी वर्षं रोज लिहिलं, हाताला सवय आहे.

आज उन-ब्योल पुन्हा आली. बरोबर एक डॉक्टर होत्या, नामगुंग. फुप्फुसांच्या तज्ज्ञ. प्रांतातल्या शाळांच्या स्वयंपाकिणींचे जे स्कॅन झाले ते यांनीच वाचले. यावेळी साखळी काढली. दोघींना बार्लीचा चहा दिला. डॉक्टरांनी जोडे नीट भिंतीकडे वळवून ठेवले. त्या मुलीनं ठेवले नाहीत.

मी सरळ विचारलं, “तुम्ही कुणाच्या बाजूनं?”

“मी तेलाच्या बाजूनं,” डॉक्टर म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. “तेल काय सांगतं ते ऐकते. रसायनवाले सहकारी आहेत माझे. आम्ही प्रयोगशाळेत कढई मांडलीय. तेल तापवतो, मांस सोडतो, धूर बाटलीत धरतो, मोजतो. बाकीचे विभाग आमच्याकडे फक्त दुपारी, जेवायच्या वेळी येतात.”

“आणि काय सापडतं?”

“अल्डिहाइडं. ॲक्रोलिन आणि त्याची भावंडं. धुराच्या कणांना चिकटून आणखी काही वाईट मंडळी येतात. नेमकी कुठली किती दोषी, ते अजून ठामपणे सांगता येत नाही, आणि सांगता येतं असं मी सुनावणीतही म्हणणार नाही. पण तेल जितकं तापतं आणि जितक्यांदा वापरतात, तितकं हे वाढतं. आमचं यंत्र एक गोष्ट मात्र सांगू शकत नाही. कुठली बाई कढईपाशी किती दिवस उभी होती?”

ॲक्रोलिन. हा शब्द मी एक्केचाळीस वर्षांनी ऐकला. १९८२ साली कॉलेजात आमच्या बाईंनी परीक्षानळीत ग्लिसरीनचे थेंब घातले, वर पांढरं मीठ टाकलं आणि नळी तापवायला लावली. “नाकाशी नेऊ नका. हातानं वारा घालून वास घ्या.” डोळ्यांत सुया टोचल्यासारखं झालं. एक मुलगी रडतच बाहेर पळाली. बाई म्हणाल्या, “तेल करपलं की हाच निघतो. नाकानं शिकलेलं माणूस विसरत नाही.”

मी विसरले नव्हते. आपल्या त्या अर्ध्या तळघरातल्या स्वयंपाकघरात, बुधवारी दहा चाळीसला तोच वास यायचा. ‘बुधवारी ताट चकाचक’ ही शाळाशाळांची पद्धत. मुलांनी काही उरवू नये म्हणून त्यांच्या आवडीचं करायचं, आणि मुलांची आवड म्हणजे तळलेलं. नऊशे मुलं, नऊशे डुकराच्या मांसाचे कटलेट, दोन कढया. पालकांनी छान छान लिहून पाठवलं म्हणून मी शुक्रवारीही तळण सुरू केलं. ते मीच केलं, मुख्याध्यापकांनी नाही.

आणि पंखा. तुम्हाला आठवत असेल, आपल्या डोक्यावर तिसऱ्या वर्षाचा वर्ग होता. इंग्रजी ऐकण्याची परीक्षा अकराला असायची. त्या वेळात शाळेत कुणी खुर्चीसुद्धा ओढायचं नाही. पंख्याची घरघर वर जाते म्हणून त्या दिवशी तो बंद. वर्षातून दोनदाच, कुणाची तक्रार नव्हती. मग पालकांनी रोजचा सराव मागितला, दहा चाळीस ते अकरा. मी बटण बंद करायला लागले. बुधवारी आणि शुक्रवारी बरोबर तीच वेळ तळणाची. तुम्ही म्हणायचात, “बाई, वरची पोरं इंग्रजी ऐकतात आणि खाली आम्ही खोकल्यात बोलतो.” सगळ्या हसायच्या. मी बटणाला हात लावू द्यायची नाही.

टिश्यू कागदाची तपासणी दुपारी तीनला व्हायची. तेव्हा पंखा चालू असायचा.

डॉक्टरांनी जाताना सांगितलं, शाळेच्या तपासणीतलं माझं स्कॅन त्यांनी पाहिलंय, फुप्फुसं स्वच्छ आहेत. मग सहज विचारावं तसं विचारलं, “तुम्ही कधी सिगारेट ओढलीत?”

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

त्या गेल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरून वह्या काढल्या. बारा आहेत. फाडल्या नव्हत्या. त्या मुलीला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार.

सो. म्यो.


२० नोव्हेंबर

ओक-सुनताई,

आज हा शब्द पुन्हा लिहिला. पहिली काही वर्षं मी तुम्हाला ताईच म्हणायची, दोन वर्षांनी मोठ्या म्हणून. मग बंद केलं. का बंद केलं ते आज लिहिते.

तुमच्या मुलीला फोन केला. ह्ये-वॉन म्हणाली, “सोल बाई? आईला विचारू का, बोलायचंय का?” आतून आवाज ऐकू आला. खोकला होता. मग ती पुन्हा आली. “आई म्हणते, मासे मिळाले का?”

“यंदा इतक्या लवकर का पाठवले?” मी विचारलं. मला तेच विचारायचं होतं.

“नोव्हेंबरात तिचं ऑपरेशन होतं. जमेल की नाही माहीत नव्हतं. म्हणून आधीच बांधून ठेवले. तुम्ही दर वर्षी परत पाठवता, आणि दर वर्षी ती म्हणते, बाईंचा राग अजून उतरला नाही, पुढच्या वर्षी उतरेल.”

मला राग! तुम्हाला वाटत होतं की मला राग आलाय.

मी तिला माफीपत्राबद्दल विचारलं. ती भडकली. “तेच तर! मी रोज भांडते तिच्याशी. आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही हिनं. बाबा ओढायचे तर त्यांना जिन्यात बसवायची. म्हणते, शब्द दिलाय. कुणाला दिलाय ते सांगत नाही. अहो, मी म्हटलं, त्या माणसाला तू मेलीस तरी चालेल का? तर म्हणते, असं बोलू नको, तिचाही नाइलाज असेल.”

मी फोन ठेवला. तिचा निरोपही घेतला नाही.

तर मग जे झालं ते सरळ लिहिते. सप्टेंबर २००९. तो नव्या तापाचा काळ होता, फाटकावर मुलांचं तापमान घ्यायचे, आणि मुख्याध्यापक ह्वांगबो दिवसातून दोनदा स्वयंपाकघर तपासायचे. मागच्या दाराशी गॅसच्या मीटरखाली त्यांना थोटूक सापडलं. आपल्या सगळ्यांना पांढऱ्या टोप्यांसकट रांगेत उभं केलं.

“कुणाचं?”

ते माझं होतं. नवऱ्याच्या आजारपणात मला सवय लागली होती, दिवसाला तीन. मुलांना जेवण वाढून झालं की मीटरपाशी. तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्ही एकदा न बोलता मला तिथेच पाण्याचा पेला आणून दिला होता, चूळ भरायला. मला त्याच वर्षी पोषण-शिक्षिकेचा दर्जा मिळायचा होता. सिगारेट ओढणारी बाई मुलांना आहार काय शिकवणार? मी रांगेत उभी होते, आणि माझ्या मनात फक्त ते होतं.

तुम्ही एक पाऊल पुढे आलात. “माझं, साहेब.”

नंतर कोठारात, कांद्याच्या पोत्यांवर बसून तुम्ही म्हणालात, “बाई, माफीपत्र तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं. मी सही ठोकते.” मी लिहिलं. माझ्या हातानं, तुमच्या नावानं. बान यांनी पुढे सरकवलेला कागद तोच. तो माणूस म्हणाला ‘त्यांच्याच हातची’ आणि मी समोर बसून ऐकून घेतलं.

मी तुम्हाला म्हणाले, “हे कधी कुणाला कळता कामा नये.” तुम्ही म्हणालात, “शब्द दिला. आता कांदे सोलू का?” महिनाभर तुम्ही मुलांचे संडास धुतलेत. मी आभार मानले नाहीत. मानले असते तर घडलं ते मान्य केल्यासारखं झालं असतं.

मग मला भीती बसली. तुम्ही हसलात की वाटायचं, का हसली? दुसरीच्या कानाशी बोललात की वाटायचं, तेच सांगतेय. पुढच्या मार्चमध्ये एकदा तुम्ही बारा मिनिटं उशिरा आलात आणि हसून म्हणालात, “आज लिहू नका बाई. एवढं तर चालतं ना आपल्यात?”

आपल्यात. त्या शब्दात मला धमकी ऐकू आली. आता ही मला नाचवणार, असं वाटलं. माझ्यावर तुमचं काही चालत नाही हे तुम्हाला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी फ्रिजवरचा पाळीचा तक्ता काढला. तळण आळीपाळीनं व्हायचं, सहाजणींत. मी तुमचं नाव बुधवारी आणि शुक्रवारी लिहिलं आणि कायम ठेवलं. कारण सांगितलं, तुमचा हात तळणावर चांगला बसलाय. बसला होताच. ‘का’ असं कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

काल रात्रीपर्यंत मी स्वतःला सांगत होते की तक्ता कामाच्या सोयीसाठी बदलला. पण आज बारा वह्यांत बोट ठेवून मोजलं. मार्च २०१० ते फेब्रुवारी २०१७, तळणाचे दिवस पाचशे तीन. तुम्ही कढईपाशी चारशे शहाऐंशी. बाकी पाचजणी मिळून सतरा, आणि ते तुम्ही रजेवर होतात ते दिवस. बान यांच्या कागदात लिहिलंय, पाळी सारखी वाटलेली असे.

शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, “बाई, तुमच्या वहीत माझा खोकला लिहिलाय का?” आणि मी म्हणाले, “वही स्वयंपाकघराची आहे, दवाखान्याची नाही.” तुम्ही एप्रन घडी करून ठेवलात आणि गेलात. त्या दिवसापासून आपण बोललो नाही.

ताई, लिहिलाय. मला आठवत नव्हतं. समासात, बारीक अक्षरात: ‘ओ. सु. खोकला, तळण चालू.’ पहिला २०१३ च्या मेमधला. सगळे मिळून एकोणीस. मी बघत होते, लिहीत होते, आणि बटण बंद करत होते.

म्योंग-जा


३० नोव्हेंबर

ताई,

सकाळी शाळेत गेले. बान यांच्या टेबलावर त्यांचं ते निवेदन सहीशिवाय ठेवलं.

“चष्मा मिळाला वाटतं,” ते म्हणाले. म्हणजे त्या दिवशी लक्षात आलं होतं.

“मिळाला. माफीपत्रातलं अक्षर माझं आहे. सिगारेटही माझी. वह्या माझ्याकडे आहेत, उद्या त्या मुलीला देणार आहे.”

त्यांनी आधी दार लावलं. “बाई, तुम्हाला कळतंय का? नियम मोडून वह्या घरी नेल्यात. खोटा कागद केलात. निवृत्तीचं पदक मिळालंय तुम्हाला, त्याचा तरी विचार करा. आणि लोक काय म्हणतील? या वयात?”

“म्हणतील, म्हातारी सिगारेट ओढायची.”

“तिनं सांगायला लावलं का तुम्हाला हे?”

मला हसू आलं. एक महिनाभर मीही हाच प्रश्न विचारत होते.

“तिनं काहीच सांगितलं नाही,” मी म्हणाले. “तीच तर अडचण आहे.”

फाटकाकडे जाताना मागच्या बाजूनं गेले. स्वयंपाकघर आता वर आणलंय, खिडक्या मोठ्या आहेत. तिथल्या बायका मला ओळखत नाहीत. बुधवार नव्हता, तरी तळण चाललं होतं. एक मुलगी चिमट्यानं कटलेट उलटत होती. पंखा चालू होता. मी तिला खिडकीतून विचारलं, “तुझी पाळी रोज असते का ग इथे?” ती घाबरली. म्हणाली, “का? तुम्ही तपासणीच्या का?” मी म्हणाले, “नाही. पण तू विचारत जा, आणि कुठेतरी लिहून ठेव.” वेडी समजली असेल.

सुनावणीत काय होईल मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाल्या, वह्या असल्या तरी मंडळातल्या लोकांच्या मनातलं सांगता येत नाही. मी साक्षीला येणार आहे. तुम्ही तिथे असाल तर मला बघून उठून जाऊ नका. शब्द तुम्ही मोडलेला नाही. तो मी तुम्हाला परत करते आहे. आता उन-ब्योलला सगळं सांगा, नुसतं ‘सही माझी’ म्हणून थांबू नका. माझं नाव घ्या. ताई, माझ्यासाठी म्हणून तरी घ्या, कारण मी एकटीनं सांगितलं तर ते म्हणतील म्हातारीला मैत्रिणीचा पुळका आला.

मैत्रीण हा शब्द खोडणार होते. राहू दे.

म्योंग-जा


दिल्या-घेतल्याची नोंद

१ डिसेंबर २०२३, शुक्रवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. वॉन्जू, माझ्या घरी.

देणारी सोल म्योंग-जा. घेणारी को उन-ब्योल, जिन ओक-सुन यांच्या वतीनं. साक्षीला डॉ. नामगुंग.

स्वयंपाकघराच्या रोजच्या वह्या बारा, २००८ ते २०१९, पानं पूर्ण. पंखा बंद केल्याच्या नोंदींना लाल चिठ्ठ्या, खोकल्याच्या नोंदींना पिवळ्या, त्या एकोणीस. फ्रिजवरून काढलेला आळीपाळीचा शेवटचा तक्ता, सहा नावांचा, तेलाचे डाग आहेत. २००९ च्या माफीपत्राबद्दल माझं दोन पानी निवेदन, माझ्या हातचं, म्हणजे अक्षर ताडून बघता येईल. सिगारेट ओढण्याची सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा त्यात आहेत. डॉक्टरांना अकरा नोव्हेंबरला दिलेलं उत्तर खोटं होतं, तेही आहे.

न टाकलेली चार पत्रं आणि एक कालचं, अशी पाच. ती मंडळाला दाखवायची की नाही हे ओक-सुनताई ठरवतील. पण आधी त्यांना वाचून दाखवावीत, त्यांचे डोळे लवकर थकतात असं ह्ये-वॉन म्हणाली.

उन-ब्योलनं मोजून घेतलं आणि सही केली. पेन तिचं चालत नव्हतं, माझं दिलं. ते तिनं परत केलं.

माझ्याकडे आलेलं: सोकचोहून वाळवलेल्या पोलॅकचा खोका, एक. आत मासे वीस, चिठ्ठी नाही. आज दुपारी उघडला. दोन मासे मुळा घालून उकळले, तिघींनी खाल्ले. उरलेले अठरा माझ्या फ्रिजमध्ये आहेत. परत पाठवायचे नाहीत.